दुचाकीची बॅटरी: किती टिकते, कधी बदलायची आणि कधी बदलायची नाही

गॅरेजमध्ये गाडी ढकलत आणली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बॅटरी गेली वाटतं, नवीन टाका." कधी ती खरंच गेलेली असते. पण कित्येकदा बॅटरी नुसती उपाशी असते. तिला उपाशी ठेवणारा दोष गाडीत तसाच राहतो आणि नवीन बॅटरीही काही महिन्यांत त्याच वाटेने जाते. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत मल्टिमीटर येणार आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानातला साधा डिजिटल मीटर पुरतो. हे सगळं १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीबद्दल आहे, कारण पेट्रोलवरच्या बहुतेक मोटरसायकली आणि स्कूटरमध्ये आजही तीच असते.

बॅटरी साधारण किती वर्षं चालते?

सीलबंद बॅटरी, म्हणजे व्हीआरएलए किंवा दुकानात जिला 'मेंटेनन्स फ्री' म्हणतात ती, तीन ते पाच वर्षं. पाणी टाकायची जुन्या पद्धतीची दोन ते चार वर्षं, तेही पाणी वेळेवर टाकलं तर. एका दमात तीस-चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीत सहा वर्षं चाललेली बॅटरी दिसते आणि दूध-भाजीपुरत्या फिरणाऱ्या स्कूटरमध्ये दीड वर्षात बसलेलीही दिसते. तीन वर्षं झाली म्हणून बदला, असं मी सांगणार नाही. तीन वर्षं झाली की दर दोन-तीन महिन्यांनी मोजायला लागा, असं सांगेन.

गाडी रोज वापरतो, तरी दोन वर्षांत बॅटरी बसली. असं कसं?

रोज वापरता, पण किती वेळ? सगळं त्यावर आहे.

लोकांना वाटतं सेल्फ मारण्यात बॅटरी संपते. स्टार्टर मोटर मोठा करंट ओढते हे खरं, पण ओढते सेकंद-दोन सेकंद. पन्नास अँपिअर दोन सेकंद धरले तरी हिशेब ०.०३ अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते ते मोजायचं एकक) आत येतो. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला एवढं जाणवतही नाही. अडचण भरण्यात आहे. लेड-ॲसिड बॅटरी ७०-८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी पटकन भरते आणि उरलेला भाग भरायला कित्येक तास घेते. घर ते स्टेशन दोन किलोमीटर, संध्याकाळी तेवढंच परत, मध्ये चार सिग्नल. अशा वापरात ती वर्षानुवर्षं एकदाही पूर्ण भरत नाही.

त्यात सिग्नलला गाडी आयडलवर असताना मॅग्नेट कॉइल (इंजिन फिरताना वीज बनवणारा भाग) जेमतेम वीज देते. हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला, इंडिकेटर लुकलुकतोय. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट बंद करायची सोयच नाही. २०२० मध्ये बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे निकष) आल्यापासून बहुतेक गाड्यांत फ्यूल इंजेक्शन आहे. म्हणजे पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) हेही त्याच विजेवर. मग पंधरा मिनिटं सिग्नल-सिग्नल खेळून तुम्ही घरी पोचता तेव्हा बॅटरीत निघताना होती तेवढीच वीज असते, किंवा थोडी कमी.

अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. लवकर चार्ज मिळाला तर तो निघतो. आठवडेच्या आठवडे मिळाला नाही तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. पाच अँपिअर-अवरची बॅटरी मग आतून दोनची होते. बाहेरून नवी कोरी दिसते, व्होल्टही बरे दाखवते, पण सेल्फ मारला की बसते. याला सल्फेशन म्हणतात. आपल्या शहरांत बॅटऱ्या अकाली जाण्याचं माझ्या मते हे एक नंबरचं कारण आहे, कंपनीचा खराब माल नव्हे.

उपाय दोन. आठवड्यातून एकदा गाडी सलग तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवा. ते जमत नसेल तर महिन्यातून एकदा घरच्या छोट्या चार्जरवर रात्रभर लावा. दुसरा उपाय जास्त खात्रीचा.

उन्हाळ्यात जास्त खराब होते की थंडीत?

खराब होते उन्हाळ्यात, कळतं थंडीत.

तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. प्लेटांची जाळी लवकर गंजते, पाणी लवकर उडतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर असतो आणि गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात. त्यावर इंजिनची धग वेगळी. पण त्या उष्णतेत इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर लागत नाही, म्हणून झालेलं नुकसान झाकून जातं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की ऑइल घट्ट, बॅटरीची ताकदही कमी, आणि सकाळी सहाला गाडी उठत नाही. दोष थंडीला मिळतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाने म्हणून पावसाळा संपताना, ऑक्टोबरमध्ये बॅटरी मोजून घ्यावी. नाहीतरी खंडेनवमीला गाडी धुवायची असतेच, सीट काढलेलीच असते. कोकणात आणि गोव्यात तापमानापेक्षा दमट हवेचा त्रास जास्त. तिथे बॅटरी ठणठणीत आणि टर्मिनल गंजलेलं, असं फार दिसतं.

बॅटरी जाण्याची लक्षणं कोणती?

सेल्फ नेहमीसारखा झटकन न फिरता रडत रडत फिरतो. बटण दाबल्यावर रिले (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच) टक-टक-टक-टक करत राहतो आणि डिजिटल मीटर विझून पुन्हा लागतो, घड्याळ शून्यावर येतं. हॉर्न बसका वाजतो, पण रेस दिली की सुधारतो. फ्यूल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा जो बारीक आवाज येतो तो दबलेला येतो.

आता यात न बसणारी लक्षणं, कारण पैसे तिथेच वाया जातात. लाइट प्रखर आहे, हॉर्न खणखणीत आहे आणि बटण दाबल्यावर एकच 'टक' येतो: रिले किंवा स्टार्टर मोटरचे कार्बन ब्रश बघा. लाइट प्रखर आणि आवाजच नाही: साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, स्कूटर असेल तर ब्रेकचा स्विच. आणि त्याही आधी किल स्विच. हसू नका, पार्किंगमध्ये कुणीतरी पोर तो दाबून जातं आणि मालक गाडी टेम्पोत घालून आणतो. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हातही लावू नका. प्लग, पेट्रोल, इंजेक्टर तपासा.

घरच्या घरी बॅटरी कशी तपासायची?

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल सुई प्लसला, काळी मायनसला. मोजमापं तीन घ्यायची.

पहिलं, गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी चावी लावण्याआधी. १२.७ किंवा जास्त म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी बंद केल्या केल्या मोजाल तर आकडा फुगलेला दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे. एका सेलचे २.१ व्होल्ट असतात, तेवढेच गायब असतात. ही बॅटरी बदलायची, पुढे चर्चा नाही.

दुसरं, सेल्फ मारताना. यासाठी जोडीला माणूस हवा. बटण दाबल्यावर आकडा खाली येणारच. १० च्या वर राहिला तर उत्तम. चांगली भरलेली बॅटरी साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर तिची ताकद गेली. रिकाम्या बॅटरीवर ही चाचणी घेण्यात अर्थ नाही, ती कोसळणारच.

तिसरं, इंजिन चालू करून आयडलपेक्षा बरीच जास्त रेस देऊन, हेडलाइट चालू असताना. १३.५ ते १४.५ यायला हवेत. हेच मोजमाप लोक वगळतात आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण इथे तुम्ही बॅटरी तपासत नसता, गाडी तिला काय देतेय ते तपासत असता.

निकाल कसा लावायचा? तिसरा आकडा बरोबर, बॅटरी पूर्ण चार्ज केलेली, तरी दुसरा पडतो: बॅटरी बदला. तिसराच कमी आहे: बॅटरी बदलू नका, आधी चार्जिंगचा दोष काढा. तिसरा बरोबर पण सकाळचा पहिला रोज कमी: एकतर धावणं कमी पडतंय किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय.

तरीही शंका राहिली तर बॅटरी बाहेर काढा, पूर्ण चार्ज करा आणि चोवीस तास कशालाही न जोडता ठेवा. दुसऱ्या दिवशी १२.६ च्या आसपास असेल तर ती चार्ज धरतेय. १२.३ वर उतरली असेल तर धरत नाही. दुकानदाराचा लोड टेस्टर किंवा कंडक्टन्स टेस्टर पाच मिनिटांत अधिक चांगलं उत्तर देतो, पण तो टेस्टर बॅटरी विकणाऱ्याच्या हातात असतो, एवढं लक्षात असू द्या.

चालू गाडीत व्होल्ट १५ च्या वर जातात किंवा १३ च्या खालीच राहतात. मग?

१५ च्या वर: आरआर युनिट, म्हणजे कॉइलची वीज बॅटरीजोगती करून व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडला. बॅटरी गरम होते, पाण्याच्या बॅटरीतलं पाणी सारखं कमी होतं, सीलबंद बॅटरी बाजूने फुगते. बल्ब वारंवार उडत असतील तर हाच संशय. अशा गाडीत नवीन बॅटरी टाकणं म्हणजे तिलाही उकळायला ठेवणं.

१३ च्या खाली: कप्लर (तारा जोडणारा प्लग) जळका किंवा सैल आहे का बघा, मग आरआर युनिट, मग कॉइल. आरआर युनिटचा कप्लर वितळून पिवळा-तपकिरी झालेला असणं फार सामान्य आहे आणि तेवढा बदलून काम होतं.

एक जुनी सवय सोडा. कॉइल काम करते का हे बघायला इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून बघायची पद्धत कार्ब्युरेटरच्या जमान्यात चालून गेली. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं, आणि इंजेक्शनच्या गाडीत त्या उसळीने ईसीयू जाऊ शकतो. त्याची किंमत बॅटरीच्या कित्येक पट आहे. कुणी मेकॅनिक तुमच्या गाडीवर हे करायला लागला तर सरळ हात धरा.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं काहीतरी साचतं, ते काय?

आम्लाची वाफ आणि धातू यांची ती कमाई. त्यामुळे करंटला वाट मिळत नाही आणि चांगली बॅटरी मेल्यासारखी वागते. तार सोडून गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, बोल्ट घट्ट आवळा, वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्या. व्हॅसलीन आवळून झाल्यावर, आधी नाही. पाणी टाकायच्या बॅटरीत सोड्याचा थेंबही झाकणातून आत जाता कामा नये.

पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज करून पुन्हा चालते का?

किती दिवस उतरलेली होती त्यावर आहे. रात्रभर चावी ऑन राहिली आणि सकाळी चार्जरवर लावली, तर बहुतेक वेळा वाचते, थोडं आयुष्य घटतं. महिना-दोन महिने तशीच पडून राहिली तर आशा कमी. २०२० च्या लॉकडाऊननंतर बॅटरीच्या दुकानांत झालेली गर्दी आठवत असेल; त्यातल्या कित्येक बॅटऱ्या वयाने तरुण होत्या, मार्चमध्ये उभ्या केल्या त्या जून-जुलैत उघडल्या. आठ-नऊ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी काही स्मार्ट चार्जर ओळखतच नाहीत आणि चार्जिंग सुरूच करत नाहीत. तेव्हा बॅटरीवाल्याकडे साध्या चार्जरवर कमी करंटने लावून बघायला हरकत नाही. चोवीस तासांनी वरची चाचणी पास झाली तर वापरा.

पाणी कधी, कोणतं टाकायचं?

फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं नाही, आरओचं नाही, गाळून-उकळून गार केलेलंही नाही. बॅटरीच्या बाजूला 'अपर' आणि 'लोअर' अशा दोन रेषा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. उन्हाळ्यात महिन्याला बघा, एरवी दोन-तीन महिन्यांनी. ॲसिड टाकायचं नाही. उडून जातं ते पाणी, आम्ल आतच असतं. वरून ॲसिड टाकलं तर प्लेटा लवकर खलास होतात. 'अपर'च्या वर भरलं तर ओव्हरफ्लोच्या नळीतून आम्ल चेसिसवर, चेनवर सांडतं. व्हीआरएलएचं वरचं झाकण उचकटून पाणी टाकायचे प्रयोग मोबाइलवर खूप दिसतात. करू नका, ती त्यासाठी बनवलेली नाही.

कारच्या किंवा इन्व्हर्टरच्या चार्जरवर लावली तर?

नको. करंट क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका हवा: पाच अँपिअर-अवरला अर्धा अँपिअर, नऊला ०.९. इन्व्हर्टरचा चार्जर दहा-पंधरा अँपिअर ढकलतो, त्यात दुचाकीची बॅटरी तापून फुगते. एक-दीड अँपिअरपर्यंतचा, बॅटरी भरली की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. चार्जिंग मोकळ्या हवेत, देवघर आणि गॅसपासून लांब, कारण त्यात हायड्रोजन निघतो.

गाडी दोन-तीन महिने उभी ठेवायची आहे. काय करू?

बॅटरीची मायनसची तार सोडून ठेवा. गावाकडच्या घरी गणपतीत चालवून मग शिमग्यापर्यंत झाकून ठेवलेल्या गाड्या, मुलगा परदेशी गेल्यामुळे उभ्या असलेल्या गाड्या, यांना हा एकच सल्ला पुरतो. तार सोडलेली बॅटरीही स्वतःहून महिन्याला तीन-पाच टक्के उतरते, गरम हवेत त्याहून जास्त. पण जोडलेली असताना घड्याळ, अलार्म, ईसीयू हे थेंब-थेंब पीत राहतात ते थांबतं. निघण्याआधी पूर्ण चार्ज करून मगच तार सोडा, आणि शक्य असेल तर दीड-दोन महिन्यांनी कुणाला तरी चार्जरवर लावायला सांगा.

शेजाऱ्याला "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेव" असं सांगून जाऊ नका. त्या पाच मिनिटांत बॅटरी भरत नाही, सायलेन्सरमध्ये मात्र पाणी साचतं.

वाटेत बॅटरी बसली तर गाडी कशी चालू करायची?

किक असेल तर किक मारा, अर्थातच. जुन्या कार्ब्युरेटरच्या अनेक गाड्यांत ठिणगी थेट कॉइलवरून पडायची, त्यामुळे बॅटरी काढून ठेवली तरी गाडी किकवर चालू व्हायची. इंजेक्शनच्या गाडीत पंपाला आणि ईसीयूला काही व्होल्ट लागतातच. थोडी धुगधुगी असेल तर किक चालते. पार मेलेली असेल तर काही मॉडेल चालू होतात, काही नाही.

किक नसेल तर धक्का. चावी ऑन, दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबून ढकला, वेग आला की क्लच सोडा. उतार असेल तर सोन्याहून पिवळं. पहिल्या गिअरमध्ये करू नका, मागचं चाक घसटतं. गिअरलेस स्कूटर धक्क्याने चालू होत नाही, कितीही माणसं लावा.

जंप स्टार्टही जमतो. दुसऱ्या गाडीची बॅटरी १२ व्होल्टचीच हवी, आणि कारवरून देत असाल तर कारचं इंजिन बंद ठेवा. लाल तार प्लस ते प्लस. काळी तार त्या बॅटरीच्या मायनसपासून तुमच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. चालू झाली की उलट्या क्रमाने काढा. त्यानंतर घरी येऊन बॅटरी चार्जरवर लावा. "आता चालू झाली ना" म्हणून सोडून दिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जादा लाइट, जीपीएस, मोबाइल चार्जर लावल्याने बॅटरी खराब होते का?

हिशेब करून बघा. ट्रॅकर दहा मिलिअँपिअर घेत असेल तर चोवीस तासांत ०.२४ अँपिअर-अवर गेले. चार अँपिअर-अवरची बॅटरी गाडी उभी असताना आठ-नऊ दिवसांत निम्मी. रोज लांब चालणाऱ्या गाडीला याचं काही नाही. रविवारीच निघणाऱ्या गाडीची मात्र यातच वाट लागते.

लाइटचं गणित वेगळं. वीस-वीस वॅटचे दोन फॉग लाइट म्हणजे सव्वातीन अँपिअर. लहान गाडीची कॉइल आधीच हेडलाइट, पंप आणि बॅटरी सांभाळून दमलेली असते, त्यात हा बोजा घातला की घाटात रात्रभर लाइट लावून चढणारी गाडी प्रत्यक्षात बॅटरीवर चढत असते. हवे तर लावा, पण रिले आणि फ्यूज टाकून, चावीवरून जोडून. थेट बॅटरीला जोडलेला यूएसबी चार्जर मोबाइल नसतानाही थोडं पीत असतो.

गळती मोजायची असेल तर चावी बंद करून मायनसची तार काढा आणि तार व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून जोडा. एक-दोन मिलिअँपिअर ठीक. वीस-तीस दिसले तर एकेक जोडणी काढत जा, चोर सापडतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारला तर मीटरचा फ्यूज उडेल.

कंपनीपेक्षा जास्त अँपिअर-अवरची बॅटरी बसवू का?

जागेत नीट बसत असेल तर थोडी जास्त चालते, फायदा फारसा नाही. तुमचं दुखणं कमी चार्जिंगचं असेल तर मोठी बॅटरी भरायला आणखी वेळ घेईल. कमी क्षमतेची मात्र कधीच नको. आणि बॅटरीचा खोका हलत असेल तर रबर पट्टा बदला. खडबडीत रस्त्यावर आपटून आतल्या प्लेटा तुटतात, ते कोणत्याही वॉरंटीत बसत नाही.

लिथियमची बॅटरी घ्यावी का?

वजनाला लेड-ॲसिडच्या एक तृतीयांशच्या आसपास, सेल्फ दणक्यात मारते, उभी राहिली तरी फार उतरत नाही. दुचाकीत येते ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. पण किंमत कित्येक पट, आणि आरआर युनिट बिघडून व्होल्ट वर गेले तर नुकसान मोठं. शून्याखालच्या तापमानात ती चार्ज करणं तिला बाधतं, त्यामुळे लडाखच्या बेतात असणाऱ्यांनी विचार करावा. प्लांतेने १८५९ मध्ये शोधलेलं लेड-ॲसिडचं तंत्र जुनं असलं तरी रोजच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला मला अजून तेच परवडतं असं वाटतं.

नवीन बॅटरी घेताना काय बघायचं?

आधी उत्पादनाची तारीख. ती खोक्यावर किंवा बॅटरीवर कोरलेल्या कोडमध्ये असते. कोड कळत नसेल तर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. चार-सहा महिने शेल्फवर बसलेली बॅटरी तुम्हाला मिळण्याआधीच थोडी म्हातारी झालेली असते. नाक्यावरच्या छोट्या दुकानात धूळ बसलेला खोका निघाला तर तिथल्या तिथे मीटर लावा. १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

पाणी टाकायची बॅटरी घेत असाल तर आणखी एक गोष्ट. ती कोरडी येते, दुकानात ॲसिड भरतात. भरल्यावर अर्धा तास थांबून कमी करंटवर काही तास पहिलं चार्जिंग द्यायचं असतं. घाईत गिऱ्हाईकही आणि दुकानदारही, म्हणून ॲसिड भरून लगेच गाडीत बसवतात. गाडी चालू होते, पण ती बॅटरी आयुष्यभर पूर्ण क्षमतेला पोचत नाही. "चार्जिंगला ठेवा, उद्या नेतो" असं स्वतः सांगा.

वॉरंटीत '२४ + २४ महिने' असं लिहिलेलं असतं. पहिले २४ महिने बिघडली तर फुकट बदलून, पुढचे २४ महिने 'प्रो-राटा', म्हणजे जसजसा काळ जाईल तसतशी घटत जाणारी सूट. ही सूट बहुधा छापील किमतीवर मोजतात, आणि बाजारात तीच बॅटरी छापील किमतीच्या खाली मिळत असते. त्यामुळे शेवटच्या वर्षातली प्रो-राटा सूट घ्यायची की साधी नवी बॅटरी घासाघीस करून घ्यायची, दोन्ही भाव विचारून ठरवा. बदलून मिळालेल्या बॅटरीला बहुतेक वेळा जुन्या वॉरंटीचे उरलेले महिनेच मिळतात. कार्डावर तारीख, शिक्का आणि बॅटरीचा नंबर घ्या, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. कागद पावसाळ्यात डिकीत लगदा होतो.

स्वतः बदलता येते का?

हो, दहा नंबरचा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर पुरतो. चावी काढा. आधी मायनस सोडा, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. हा क्रम यासाठी की पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी पडू नये. उलट-सुलट जोडली तर फ्यूज उडतो, नशीब खराब असेल तर आरआर युनिटही जातो. पाण्याच्या बॅटरीची ओव्हरफ्लो नळी जागेवर बसवायला विसरू नका. व्हीआरएलएला ती नसते.

अजून चालतेय, पण चार वर्षं झाली. आधीच बदलून टाकू?

शहरात फिरणारी, किक असलेली गाडी असेल तर मोजत राहा आणि चालवा. किक नसलेली, इंजेक्शनची गाडी असेल आणि तुम्ही स्पिती-लडाखला किंवा एकट्याने रात्री कोकणात उतरणार असाल, तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी बदला. आदल्या दिवशी नको. नवी बॅटरी सदोष निघाली तर ते इथेच कळू दे. जुनी चालू स्थितीतली असेल तर चार्ज करून घरी ठेवा, चुलतभावाच्या स्कूटरला चालेल.

जुन्या बॅटरीचं काय करायचं?

नवी घेताना दुकानातच परत द्या, तिचे पैसे वजा करून घ्या. काही दुकानदार परत न देणाऱ्याला एक भाव आणि देणाऱ्याला दुसरा भाव सांगतात, म्हणून आधीच विचारा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळी जमा करणाऱ्याकडे देणं ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. फेरीवाल्या भंगारवाल्याने पन्नास रुपये जास्त दिले तरी त्याला देऊ नका. तिथून ती कुठल्यातरी उघड्या भट्टीवर जाते, आम्ल गटारात ओततात आणि शिसं वितळवतात. त्या धुरातलं आणि मातीतलं शिसं सगळ्यात जास्त बाधतं ते आसपासच्या लहान मुलांना. नेताना बॅटरी उभीच ठेवा, दोन्ही टर्मिनलला चिकटपट्टी लावा, आणि पिशवीत चाव्या-पाने टाकू नका.